हायड्रोजन डब्यातला, डिझेल आमचे

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : मालट्रकवर बसवल्या जाणाऱ्या हायड्रोजन किटची जाहीर चाचणी करण्याबाबत.

मा. नितीनजी,


हायड्रोजन या शब्दाला आपल्या देशात आज जे वजन आहे, त्यात आपला वाटा मोठा आहे. ३० मार्च २०२२ रोजी आपण हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेलात आणि ते चित्र घरोघरी पोचले. ४ मार्च २०२५ रोजी टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकना आपण आणि आपले मंत्रिमंडळातले सहकारी प्रल्हाद जोशी यांनी हिरवा झेंडा दाखवला. १६ गाड्या, दोन वर्षांपर्यंतची चाचणी, आणि तिच्यात मुंबई-पुण्याचाही पट्टा. नागपूरच्या वाडीत, जिथे माझा ट्रकचा धंदा आहे, तिथे या बातमीवर बरीच चर्चा झाली. टाकी कुठे बसवली असेल, भरायला जायचे कुठे, किंमत काय, चढावर गाडी ओढेल का, असे सगळे प्रश्न निघाले.

त्याच चर्चेच्या आडून एक वेगळाच हायड्रोजन आमच्या दारात आला आहे. हे पत्र त्याच्याबद्दल आहे.

हा हायड्रोजन कुठल्या पंपावर मिळत नाही. तो गाडीवरच तयार होतो, असे सांगितले जाते. चेसिसला एक डबा बसवायचा, त्यात पाणी भरायचे, बॅटरीची वायर जोडायची. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, आणि तो वायू रबरी नळीने इंजिनच्या हवेच्या पाइपात सोडायचा. मग डिझेल पूर्ण जळते, इंजिन मोकळे पळते, धूर कमी होतो आणि एव्हरेज पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतो, असा दावा. कुणी तीस टक्केही सांगतो. हायड्रोजन जनरेटर, एचएचओ किट, ब्राउन गॅस, पाण्याचे किट अशी नावे वेगवेगळी, वस्तू एकच.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. आपल्या मंत्रालयाने पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेकडून या किटची भरलेल्या ट्रकवर चाचणी करून घ्यावी आणि निकाल, तो कसाही लागो, सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर करावा. ही मागणी का करावी लागते, ते पुढे लिहितो.

कुणी म्हणेल, मालक अशा डब्याला भुलतातच कसे? त्याचे उत्तर हिशेबात आहे. बारा चाकी गाडी महिन्याला आठ हजार किलोमीटर पळाली आणि लिटरला चार किलोमीटर देत असली, तर दोन हजार लिटर डिझेल लागते. लिटरला नव्वद रुपये धरले तर एक लाख ऐंशी हजार रुपये झाले. धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च हाच. भाड्याचा दर आमच्या हातात नाही. टोल, विमा, बँकेचा हप्ता, काहीच हातात नाही. डिझेल तेवढे हातातले वाटते. त्यात दहा टक्के वाचले तरी महिन्याला अठरा हजार सुटतात. चार गाड्यांचा मालक असेल तर त्याच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी त्यात निघते. देशातल्या बहुतेक ट्रकमालकांकडे पाचापेक्षा कमी गाड्या आहेत. त्यांच्याकडे ना इंजिनिअर, ना प्रयोगशाळा. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस टॅबलेटवर आलेख दाखवू लागला की ते ऐकून घेतात. ते मूर्ख आहेत म्हणून नव्हे, तर दुसरे कुणी त्यांना आकडे घेऊन सांगायला येतच नाही म्हणून.

आता तो डबा उघडून पाहू. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीकडे असे एक काढून ठेवलेले किट टेबलावर मांडून पाहिले. आत तळहाताएवढ्या स्टीलच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये रबराचे गॅस्केट, सगळे बोल्टने आवळलेले. याला ते ड्राय सेल म्हणतात. शेजारी प्लास्टिकची उभी बाटली, तिला बबलर म्हणतात. वायू तिच्या पाण्यातून बुडबुडे काढत पुढे जातो, म्हणजे इंजिनाकडून आग उलटी आली तर तिथेच विझावी. पाणी साधे चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे लागते आणि त्यात कॉस्टिक पोटॅश मिसळावे लागते, नाहीतर पुरेशी वीज वाहत नाही. या किटमधले पाणी चहासारखे लालसर झाले होते, कारण पट्ट्या झिजत होत्या. एका गॅस्केटमधून पाझर होता आणि खालच्या क्लॅम्पवर पांढरी पापडी धरली होती. वायर जाड होती, पण फ्यूज नव्हता.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक ठरलेले असते. नळीचे टोक साबणाच्या पाण्यात बुडवतात. फेस वर आला की लायटर लावतात आणि फट्कन बार होतो. जमलेली माणसे मागे सरतात, हसतात, आणि निम्मा सौदा तिथेच होतो. तो बार खरा असतो. बॅटरीच्या विजेने पाण्यापासून जळणारा वायू निघतो हे १८०० सालापासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी ते त्या वर्षी करून दाखवले. प्रश्न तो वायू जळतो का हा नाहीच. तो करायला लागणारी वीज कुठून आली, हा प्रश्न आहे, आणि तो लायटरच्या गडबडीत कुणी विचारत नाही.

ती वीज येते अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर. इंजिन चालते डिझेलवर. म्हणजे डब्यातला हायड्रोजन आमच्याच टाकीतून आलेला असतो. विहिरीचे पाणी मोटारीने वर चढवायचे आणि खाली पडणाऱ्या त्याच पाण्यावर मोटार चालवून वर शिल्लकही काढायची, असा हा बेत आहे.

आकडे मांडतो, कारण आपल्याला आकड्यांची आवड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ट्रकची वीज २४ व्होल्टची. किट २० अँपिअर ओढते असे धरू. म्हणजे ४८० वॉट. बारा सेल एकापुढे एक जोडले तर फॅरडेच्या नियमाने तासाला सुमारे ९ ग्रॅम हायड्रोजन निघतो. बारा सेल आणि २० अँपिअरमधून याहून जास्त निघू शकत नाही. ९ ग्रॅम हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते ०.३ युनिट. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट असतात. म्हणजे तासभर डबा चालवून जो वायू मिळाला तो ०.०३ लिटर डिझेलच्या तोलाचा, पावणेतीन रुपयांचा.

आता खर्चाची बाजू. ४८० वॉट वीज द्यायला अल्टरनेटरला इंजिनकडून साडेआठशे वॉटच्या आसपास ताकद घ्यावी लागते, कारण त्याची कार्यक्षमता पंचावन्न-साठ टक्क्यांच्या आसपास असते. डिझेल इंजिन जळालेल्या इंधनातली साधारण चाळीस टक्के ऊर्जा कामाला लावते. त्या हिशेबाने तासाला ०.२ लिटरहून थोडे जास्त डिझेल जाते, म्हणजे वीस रुपयांचे. वीस रुपयांचे डिझेल जाळून पावणेतीन रुपयांचा वायू मिळवायचा, असा हा व्यवहार आहे. यात कुठल्या कंपनीचे किट चांगले नि कुठल्याचे वाईट हा मुद्दाच येत नाही. सेल कितीही उत्तम बनवला तरी अल्टरनेटर आणि इंजिन मध्ये आहेतच.

विक्रेते हे गणित नाकारत नाहीत. हुशार विक्रेता म्हणतो, 'साहेब, हायड्रोजन इंधन म्हणून नाही, तो डिझेल नीट जाळायला मदत करतो.' हा युक्तिवाद ऐकायला बरा आहे, म्हणून तोही तपासू. सहा लिटरचे इंजिन १,५०० आरपीएमवर मिनिटाला साडेचार हजार लिटर हवा ओढते. टर्बो असेल तर जवळपास दुप्पट. त्या हवेत आपल्या डब्यातून जातो मिनिटाला पावणेदोन लिटर हायड्रोजन. टर्बो नसलेल्या इंजिनातही हे प्रमाण ०.०४ टक्के होते. हवेत हायड्रोजन पेट घेऊन ज्वाला पुढे सरकावी तर निदान ४ टक्के तरी लागतो. आपण त्याच्या शंभराव्या हिश्शावर आहोत.

आणि नीट जाळायचे ते नेमके काय? धडधाकट डिझेल इंजिनमध्ये अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त इंधन आधीच जळून जाते. न जळता जे बाहेर पडते ते अगदी थोडे. बाकी जी ऊर्जा वाया जाते ती सायलेन्सरमधून गरम हवा होऊन आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. ती वाचवायला डब्याचा काही उपयोग नाही. न जळालेल्या दोन टक्क्यांतून पंधरा टक्क्यांची बचत काढता येत नाही. एखादी गाडी काळा धूर ओकत असेल तर तिची नोझल किंवा टर्बो बघायला हवा; तो आजार वेगळा आहे आणि त्याचा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर आहे.

विक्रेत्याच्या फायलीत शोधनिबंधही असतात, आणि त्यातले काही खरे असतात. १९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने पेट्रोल इंजिनात हायड्रोजन मिसळून प्रयोग केला होता. त्यात हायड्रोजनमुळे इंजिन अधिक विरळ मिश्रणावर चालू शकले, हे खरे. पण कमीत कमी लागणारी एकूण ऊर्जा बदलली नाही, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय तो हायड्रोजन बाटलीतला किंवा मेथेनॉलपासून काढलेला होता, गाडीच्या अल्टरनेटरवर नाही, आणि इंजिन डिझेलचे नव्हते. दुसरे निबंध असतात ते बाटलीतून भरपूर हायड्रोजन दिलेल्या डिझेल इंजिनांचे. तिथे डिझेल कमी लागते आणि धूरही कमी होतो, कारण तेवढे काम बाहेरून आणलेल्या हायड्रोजनने केलेले असते. त्याचे पैसे वेगळे मोजावेच लागतात. नासाचे नाव आणि बाटलीतला आकडा एकत्र करून डब्याच्या माहितीपत्रकावर छापला की आमच्यासारख्याला फरक कळायचा कसा?

आपल्या सरकारचा हायड्रोजन आणि हा हायड्रोजन यातला फरकही नेमका इथेच आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातही पाण्याचे विजेनेच विघटन करायचे आहे आणि एक किलो हायड्रोजनला पन्नासाहून जास्त युनिट वीज लागणारच आहे. पण ती वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल. ती ऊर्जा बाहेरून गाडीत येईल आणि तेवढे डिझेल खरोखर वाचेल. डब्यात बाहेरून काहीच येत नाही, पाण्याशिवाय. आणि पाणी हे इंधन नव्हे, ते जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे. सामान्य माणसाला हा फरक कुणी समजावून दिलेला नाही. माझ्यासमोर बसलेल्या एका विक्रेत्याने सरळ आपल्या मिराईचा दाखला दिला. 'मंत्रिसाहेबच हायड्रोजनच्या गाडीत फिरतात, मग तुम्हाला कसली शंका?' असे म्हणाला. आपल्या गाडीचा आणि त्याच्या डब्याचा संबंध नाही, हे त्याला माहीत असावे. समोरच्याला माहीत नाही, एवढे त्याला पुरेसे होते.

तरीही शपथेवर सांगणारे मालक भेटतात. 'माझ्या गाडीचा एव्हरेज साडेतीनवरून चारवर गेला,' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या वहीत तसेच लिहिलेले असते. पण ती वही काय मोजते ते बघा.

माझ्याकडच्या डिझेलच्या वहीत एकाच बारा चाकी गाडीचा एव्हरेज ३.२ पासून ४.१ पर्यंत हलतो, आणि तिच्यात कोणतेही किट नाही. न्हावा-शेव्याला भरून जाताना वेगळा, रिकामी परत येताना वेगळा. समृद्धी महामार्गाने गेली तर वेगळा, जुन्या रस्त्याने गावागावांतून गेली तर वेगळा. उन्हाळ्यात, पावसात, समोरून वारा असताना वेगळा. ड्रायव्हर बदलला की सगळ्यात जास्त फरक. फुल टँकचा हिशेब म्हणावा तर पंपाची जमीन किंचित उतरती असली किंवा फेस बसायच्या आत नोझल बंद केली, तरी दहा लिटर इकडेतिकडे होतात. दोनशे लिटरच्या ट्रिपमध्ये दहा लिटर म्हणजे पाच टक्के. किटच्या पंधरा टक्क्यांच्या दाव्याचा तिसरा हिस्सा तिथेच निघाला.

त्यात किट बसते केव्हा? गाडीचा एव्हरेज घसरला की. घसरलेला एव्हरेज आपसूकही वर येतो, कारण वाईट ट्रिपनंतर बरी ट्रिप येतच असते. बसवताना मिस्त्री एअर फिल्टर झटकतो, पाइप आवळतो, टायरची हवा बघतो. मालक ड्रायव्हरला बजावतो, 'किट बसवलंय, आता एव्हरेज रोज लिहायचा.' ड्रायव्हर पाय हलका ठेवतो. रस्त्यात डिझेल विकायची सवय असेल तर तीही काही दिवस थांबते. एव्हरेज वाढतो आणि श्रेय डब्याला मिळते. पुढे पाणी भरायचा कंटाळा येतो, पट्ट्या झिजतात आणि किट कोपऱ्यात पडते. पण तोवर त्या मालकाचा हसरा व्हिडिओ दुसऱ्या जिल्ह्यात पोचलेला असतो.

यात नुसते पैसे गेले असते तर मी मंत्र्यांना पत्र लिहिले नसते. धंदा म्हटला की फसणे आलेच. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच मिसळलेल्या स्थितीत एका नळीत असणे ही साधी गोष्ट नाही. त्याला पेटायला बाहेरची हवासुद्धा लागत नाही. कॉस्टिक पोटॅशचे पाणी अंगावर उडाले तर कातडी सोलून निघते, डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. आणि ते पाणी भरायचे काम बहुतेक वेळा क्लीनरकडे असते, हातमोज्याशिवाय. फ्यूज नसलेल्या वायरने शॉर्ट झाले तर केबिन पेटायला वेळ लागत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या वाटेवर फिल्टर आहे, युरियाची यंत्रणा आहे, सेन्सर आहेत. हवेच्या पाइपात बाहेरची नळी घुसवली की कंपनीच्या वॉरंटीवर पाणी सोडावे लागते, आणि काही झाले तर विमा कंपनीलाही हात वर करायला निमित्त मिळते.

कायदा कोणाच्या बाजूने आहे, तेही बघा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजीचे किट बसवायचे तर मंजूर किट लागते, आरसीवर नोंद लागते. हायड्रोजनच्या डब्याबरोबर मात्र तसा एकही कागद माझ्या पाहण्यात आलेला नाही. म्हणजे पैसे घेऊन विक्रेता निघून गेला की रस्त्यावर इन्स्पेक्टरसमोर उभा राहणारा एकटा मालक. विकणाऱ्याला विचारणारे कोणी नाही.

हे दुखणे आपल्याकडेच उगवले असे नाही. अमेरिकेत ओहायोच्या स्टॅनली मायर नावाच्या माणसाने पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करून गुंतवणूकदारांचे पैसे घेतले. १९९६ साली तिथल्या न्यायालयाने ती घोर फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. २००९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डेनिस ली याच्या हायड्रोजनच्या उपकरणाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि त्याची विक्री रोखली. निदान पन्नास टक्के मायलेज वाढेल, असा त्याचा दावा होता. तिथल्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणे तपासली आहेत, आणि त्यातून खरा फायदा दाखवणारी अगदी मोजकी निघाली. आपल्याकडे तमिळनाडूच्या रामर पिल्लैने १९९६ मध्ये वनस्पतीपासून पेट्रोल करून दाखवल्याचा गाजावाजा झाला. मोठमोठी माणसे भारावली. त्याला शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. वीस वर्षे! चाचणी आधी झाली तर न्यायालयाचे वीस वर्षांचे काम वाचते, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

आता मागण्या.

पहिली, चाचणी. बीएस-४ आणि बीएस-६ असे दोन्ही प्रकारचे ट्रक घ्यावेत, पूर्ण भरलेले. बारा टनांवरच्या गाड्यांचा इंधनखप ४० आणि ६० किलोमीटर वेगावर स्थिर ठेवून मोजायची पद्धत आपल्याकडे आधीपासून ठरलेली आहे, तीच वापरावी. त्याशिवाय रस्त्यावरही चाचणी घ्यावी. दोन सारखे ट्रक, सारखा माल, एकापाठोपाठ एकाच रस्त्यावर. एकात किट, एक तसाच. टाकी वेगळी बसवून ती प्रत्येक फेरीआधी आणि फेरीनंतर वजनकाट्यावर ठेवायची. वारा, ऊन, रहदारी दोन्ही गाड्यांना सारखीच लागते, म्हणून उरणारा फरक किटचाच असतो. जगभर ट्रकची अशीच चाचणी होते. किट विक्रेत्यांनी स्वतः येऊन बसवावे, म्हणजे नंतर 'बसवणेच चुकले' असे म्हणायला जागा राहणार नाही.

दुसरी, जाहिरातीची शिस्त. इंधन वाचवते असे सांगून वाहनावर बसवायची कोणतीही वस्तू विकायची असेल, तर मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या अहवालाचा क्रमांक आणि मोजून आलेला आकडा माहितीपत्रकावर छापणे सक्तीचे करावे. अहवाल नाही तर दावा नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर पहिल्यांदा दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०१९ च्या कायद्याने दिलाच आहे. आपल्या मंत्रालयाने अशी प्रकरणे त्यांच्याकडे पाठवावीत. मालकाला पाच हजारांचा दंड आणि विक्रेत्याला मोकळे रान, ही विभागणी उलटी व्हायला हवी.

तिसरी, खरे काय वाचवते ते आमच्यापर्यंत पोचवावे. टायरमधली हवा, वेग, उगाच चालू ठेवलेले इंजिन, वेळेवर बदललेला फिल्टर आणि ड्रायव्हरचा पाय, यात जे वाचते ते डब्यात कधीच वाचणार नाही. हे सांगायला पीसीआरए ही संस्था १९७८ पासून आहे आणि ड्रायव्हरना प्रशिक्षणही देते. पण ते प्रशिक्षण वाडी, कळंबोली, वाळूज, इचलकरंजी अशा ठिकाणी, गाड्या लावून माणसे बसतात तिथे, त्यांच्या वेळेला यायला हवे. मोठ्या कंपन्यांकडे हे सगळे आधीच आहे. नाही ते चार गाड्यांच्या मालकाकडे.

चौथी, खऱ्या हायड्रोजन ट्रकचे आकडे. ३७ बस आणि ट्रक, भरण्याची ९ केंद्रे आणि २०८ कोटी रुपये, अशी योजना २०२५ मध्ये मंजूर झाली. त्या गाड्या किलोला किती किलोमीटर देतात, भरायला किती वेळ लागतो, बंद किती दिवस पडतात, किलोमीटरला खर्च किती येतो, हे दर तिमाहीला जाहीर करावे. आकडे वाईट असले तरी करावेत. आम्ही धंदेवाले आहोत, वाईट आकडा आम्हाला कळतो. आकडाच नसला की तिथे मग विक्रेत्याचा आलेख येऊन बसतो.

एक शंका येईल की आम्ही नव्या गोष्टींना घाबरतो. तसे असते तर वाडीतल्या गाड्यांवर जीपीएस दिसले नसते, फास्टॅगवर आम्ही आजही कुरकुरत बसलो असतो, आणि रेडियल टायरसाठी जास्त पैसे मोजले नसते. या सगळ्याचा फायदा वहीत उतरला, तो आम्ही मोजून बघितला आणि मग घेतला. किट चाचणीत खरे उतरले तर तेही घेऊ, रांग लावून घेऊ. वरचे गणित पाहता तशी आशा मला नाही. पण माझे गणित हे एका ट्रकमालकाचे मत झाले. एआरएआयच्या सही-शिक्क्याचा अहवाल दाखवला तर आमच्या गल्लीतला विक्रेता दुसऱ्या दिवशी दुसरा धंदा बघेल.

चाचणीचा खर्चही फार नाही. गाडी आम्ही देतो. माल भरून देतो, ड्रायव्हर देतो आणि डिझेलचे पैसेही आम्हीच भरतो. किट विक्रेत्याने आणावे. वजनकाटा आणि सही तेवढी सरकारची हवी. तारीख आणि ठिकाण कळवावे, गाडी आदल्या रात्री पुण्यात उभी असेल.



आपला,
वाडी, नागपूर येथील एक ट्रकमालक